तंबोऱ्यासाठी इयरफोन

आमच्या घरात गळा बायकोचा आणि कान माझा, अशी वाटणी लग्नापासूनची आहे. ती रोज सकाळी गायला बसते आणि त्याआधी तंबोरा मी लावून देतो. मला दोन सूर धड गाता येत नाहीत, पण तार किंचित उतरली तरी कळतं. म्हणून रत्नागिरीत कुठे बैठक असली की तंबोरे लावायला मलाच बोलावणं यायचं. कचेरीत उभ्या जन्मात मला कोणी फारसं विचारलं नाही, बैठकीत मात्र विचारायचे. त्यामुळे घरातला स्पीकर बोदा वाजायला लागला, तेव्हा दोष स्पीकरचाच आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"अहो, आवाज किती मोठा केलायत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"स्पीकर गेलाय."

"स्पीकरला काय धाड भरल्ये? एकदा कान दाखवून या."

हे मला फार झोंबलं. कानच गेला तर आपल्याकडे उरतं काय? चांगल्यातले इयरफोन आणून तिचं तोंड बंद करायचं ठरवलं आणि रिक्षानं मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात गेलो.

दुकानदार तरुण, बोलायला गोड. त्यानं माझ्या कानात काहीतरी कोंबलं आणि असलं गाणं लावलं की छातीत धडधडायला लागलं.

"बास बघा काका, कसला येतो!"

"बास नको. मला तंबोरा ऐकायचाय," मी म्हटलं.

मी फोनमधलं माझं नेहमीचं गाणं लावलं. एका देवळातल्या उत्सवात बायको पूर्वी गायली होती, त्याचं हे ध्वनिमुद्रण. तंबोरा अर्थातच मी लावलेला. ती तोंड उघडण्याआधी थोडा वेळ नुसता तंबोरा वाजतो. लोक तेवढा भाग पुढे ढकलतात, माझी सगळी परीक्षा तिथेच. तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी, यांच्यामध्ये सुताचा दोरा असतो. तो सरकवत नेमक्या जागी आणला की तारेच्या आवाजावर एक बारीक झणझण चढते. तिला जवारी म्हणतात. जवारी खुलली नाही तर तंबोरा नुसता घुमतो, बोलत नाही.

दुकानदारानं रबरी टोप्या बदलून दिल्या. लहान टोपीनं खर्ज गळून जात होता, मोठीनं तो कानात भरला. तो प्रश्न सुटला, पण झणझण काही येईना. हा बोदा, तो मुका, असं करत मी त्याचं अर्धं कपाट रिकामं केलं. मग म्हटलं, बाहेर रिक्षांचा गोंगाट आहे, त्यात काय कळणार?

"काका, ह्याच्या वरचा माझ्याकडे नाय," तो शेवटी म्हणाला. "घरी न्या, शांतपणे ऐका. नाय पटला तर आणून द्या." माणूस खरंच भला.

घरी पडवीत बसून ऐकलं. शेजारच्या बागेतला बुलबुलसुद्धा गप्प होता, म्हणजे आता गोंगाटाची सबब नव्हती. झणझण नव्हतीच.

बायको तांदूळ निवडत होती. "बघू," म्हणाली आणि पदराला हात पुसून इयरफोन दोन्ही कानांत घातलेन. थोड्या वेळानं तिचे डोळे मिटले.

"अगो बाई, किती स्वच्छ! तंबोरा काय लावलायत हो तुम्ही. मधमाशा नुसत्या घोंगावतायत."

मी इयरफोन परत माझ्या कानात घातले. खर्ज होता, पंचम होता, मागाहून तिचा गळा आला. मधमाशा कुठेच नव्हत्या. "बरे आहेत," एवढंच म्हणालो आणि उठलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबोरा घेऊन बसलो. खुंट्या पिळून तारा सुरात आणल्या, ते जमलं. मग दोरा हातात धरला. इकडे सरकवला, तिकडे सरकवला. इतके दिवस अंदाजानं कुठेतरी थांबत होतो, त्या दिवशी थांबवेना. ती समोर बसून वाट बघत होती.

"मला जवारी ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्ही चहा ठेवायला उठलात की दोरा मी परत लावत्ये."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

मला आधी रागच आला. रोज माझ्या पाठीमागे हे चालत होतं आणि मी आपला ऐटीत चहा गाळत होतो. तिनं माझ्या बोटांतून दोरा काढून घेतला, थोडासा सरकवला आणि म्हणाली, "खुंट्या तुम्हीच लावा. दोरा मी बघत्ये. समोरासमोर लावू, म्हणजे मला चोरून लावायला नको."

मला गावातली अलीकडची बैठक आठवली. तंबोरा काय सुरेख लागलाय, कुणी लावला, असं एकानं सगळ्यांदेखत विचारलं होतं. तेव्हा हिनं माझ्याकडे बोट दाखवलं होतं.