बोरीचे मुके कोंबडे

जालना सोडलं तेव्हा एकच ठरवलं होतं, येताना सुमनला घेऊनच यायचं. माझी धाकटी बहीण ती, बोरीला दिलेली. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. दोनदा निरोप धाडला, दोनदा तिच्या सासूबाईंचं उत्तर आलं, "थांबा, देवीचं काम राह्यलंय." आता निरोप पुरे झाले म्हटलं आणि पिशवी भरली. शाळेत साठ पोरांना गप्प बसवणारी मी, एका विहिणीला भिणार होय?

परभणीला उतरून जिंतूरची मोटार धरली. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोकरू होतं. दोन्हीकडच्या काळ्या रानात वाळलेली करडई आणि मधूनच फुललेला पळस बघत बसले, तेवढ्यात कोकरानं माझा पदर चघळून ओला केला. "चाखायलाय जालन्याचं लुगडं!" बाई म्हणाली. अख्खी मोटार हसली, मीही हसले.

सुमन दारातच उभी होती. चेहरा उतरलेला. तिनं माझा हात धरला तो सोडेचना.

जेवायला गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर करडईचं तेल. दोन घास पोटात गेल्यावर विषय काढला. विहीणबाई बिचकल्या नाहीत. म्हणाल्या, "न्या की तुमची बहीण. पर मी मरीआईला कोंबडा बोललेय. घरचा लागतो, अन् आरवलेला लागतो. आमच्यात न आरवलेला देत न्हाईत. चार पोसलेत, एक बी आरवंना. आई रुसलीय."

"आणि लोक म्हणायलेत, सुनेचा पायगुण," सुमन पुटपुटली आणि रडायला लागली. माझं डोकंच फिरलं. कोंबड्यांनी तोंड उघडायचं नाही आणि पाप माझ्या बहिणीच्या माथी!

सकाळी मी स्वतः कोंबडे बघितले. अंगानं भरलेले, पण तुरा कोंबडीसारखा, फिकट. परसात कणगीपाशी (धान्य साठवायच्या बांबूच्या उभ्या टोपल्यापाशी) सांडलेले जोंधळे टिपत होते. दाण्यांना पांढरी भुकटी लागलेली होती. वास घेतला तर ओळखीचा निघाला. आमच्या शाळेच्या भिंतींवर हिवतापवाल्यांनी फवारली होती तीच डीडीटी!

"ती सरकारी राख हाय," विहीणबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात फवारणीवाले आले व्हते, उरलेली मागून घेतली. जोंधळ्याला कीड लागू नये म्हणून आमी चुलीतली राख लावतोच की. ही लय भारी. एक सोंडा झाला न्हाई."

त्या दिवशी बोरीचा बाजार होता आणि गुरांचे डॉक्टर लिंबाखाली बैलांना सुया टोचत होते. मी एक कोंबडा काखेत मारला आणि निघाले. लोक बघायलेत तर बघू देत!

डॉक्टरांनी तुरा चाचपला, मग दाणे हातात घेतले. "बाई, ही किडे मारायची पावडर आहे. कोवळ्या कोंबड्यांच्या पोटात रोज गेली तर नर वयात यायचेच राहतात. तुरा नाही, बांग नाही. देवीचा यात काही संबंध नाही."

"आणि माणसाच्या पोटात गेली तर?"

"ते मला नाही सांगता यायचं." मग त्यांनी हळूच विचारलं, "घरात हे धान्य खातंय कोण?"

रात्रीची भाकरी जोंधळ्याचीच होती. आणि सुमन तर रोज खात होती. कोंबडा तिथंच टाकून मी धावत घर गाठलं. सुमन चुलीपुढं भाकरी थापत होती. "हे पीठ कुठल्या कणगीतलं?" मी ओरडलेच.

"अवं, हळू!" विहीणबाई बाहेर आल्या. "ते घरच्या कणगीतलं. परसातलं बियाणं हाय. पेरणी झाल्याबिगर बियाण्याला आमी तोंड लावत न्हाई, उपाशी मरू पर न्हाई. खाली सांडलेलं तेवढं कोंबड्यास्नी टाकतो."

मी मटकन खाली बसले. हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. सुमन पिठाच्या हातानंच माझे डोळे पुसायला लागली. मग डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं. त्या दुपारी कोंबड्याऐवजी मरीआईला नारळ फोडला, सुमनची ओटी भरली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या सुनंच्या पायाला नाव ठेवू नका. भुकटी मी टाकली व्हती."

दुसऱ्या दिवशी मोटार सुटायच्या वेळेला त्या खिडकीशी आल्या. सुमनला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी माझ्या कानाशी बोलल्या, "तेच दाणे टिपायच्या त्या कोंबड्यांची अंडी खाऊ घातली मी हिला. ताकद यावी म्हणून, रोज. पोर धड व्हईल ना, बाई?"

मला काय ठाऊक! "होईल," म्हणाले. परभणीपर्यंत आणि पुढं गाडीतही सुमन माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. मी मात्र टक्क जागी होते. घरी पोचल्यावर आई म्हणाली, "आणलीस बाई एकदाची!" आईला मी काहीच सांगितलं नाही.

वैशाखात सुमनला मुलगी झाली. सुईण म्हणाली सुखरूप आहे, तेव्हा जीव भांड्यात पडला. बोरीला निरोप धाडला. बारशाला अवकाश होता, तरी विहीणबाई दारात हजर! आयुष्यात कधी आगगाडीत न बसलेली बाई एकटी जालन्यापर्यंत आली होती. पाणी दिलं, घेतलं नाही. हातपाय धुऊन सरळ बाळाजवळ गेल्या आणि दुपटं सोडलं. हाताची बोटं, पायाची बोटं, कान, टाळू, सगळं चाचपून बघितलं. बाळानं टाहो फोडला तरी थांबल्या नाहीत.

मग भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

"हाय," त्या म्हणाल्या. "समदं हाय. आता पानी द्या."