त्याच नळाचं पाणी

"हिच्या हातून नको. आधी हिला तोंड धुवायला सांगा."

मुलुंडच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये मी काउंटरवर उभी होते. वय एकोणीस. समोर सोसायटीतल्या एक बाई, मागे त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. मुलीच्या कपाळावर दोन पुटकुळ्या होत्या, त्यासाठी क्रीम पाहिजे होतं. मी कपाटातून काढून पुढे केलं. बाईंनी हात पुढे केला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. माझे दोन्ही गाल, हनुवटी, कपाळ, सगळं फोडांनी भरलेलं. काही पिकलेले.

"कुठं राहतेस?"

"भांडुपला. टेकडीवर."

"वाटलंच. तुमच्या चाळीतलं पाणीच घाण असतं. त्यानं होतं हे."

दुकानाचे मालक, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो, ते हसले. क्रीम त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं, फडक्यानं पुसलं आणि बाईंना दिलं. फडक्यानं पुसलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून शेठनी मला आतल्या खोलीत बसवलं. "तोंड बरं झालं की ये बाहेर," म्हणाले. नोकरी गेली नाही हेच नशीब. बाबांची गिरणी बंद पडली होती, भाऊ शाळेत होता. घर माझ्यावर चाललं होतं.

मग मी तोंड धुवायला लागले. कपडे धुवायच्या पिवळ्या साबणानं. दिवसातून सहा-सात वेळा, खसाखसा, आग होईपर्यंत. वर लिंबू. झोपताना टूथपेस्टचे ठिपके. चाळीला एकच नळ, पहाटे तासभर पाणी, घराला दोन हंडे. त्यातला अर्धा हंडा माझ्या तोंडावर जायचा. आई स्वतःची अंघोळ एक दिवसाआड करायला लागली. एकदाच म्हणाली, "हात लावू नको गो तोंडाक. किती घासशीत?"

फोड वाढतच गेले.

आतल्या खोलीत माझं काम वेगळं होतं. शेठ दुकानाचं स्वतःचं एक फेस क्रीम विकायचे. छोटी गोल डबी, वर नाव नाही. ते बनायचं कसं, तर एका औषधाच्या ट्यूबा पिळायच्या, त्यात कोल्ड क्रीम घालायचं, चमच्यानं घोटायचं, डब्या भरायच्या. ट्यूबच्या खोक्यात इंग्रजी कागद असायचा. तो काढून रद्दीच्या पोत्यात टाकायचा. शेठ म्हणायचे, "कागद वाचून माणूस उगाच घाबरतं."

ते फडकं सोडलं तर इथपर्यंत मी पूर्वीही सांगितलंय लोकांना. पुढची एक गोष्ट नाही.

मी तो कागद वाचला होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी. मी दहावी पास होते. सगळं इंग्रजी समजत नव्हतं, पण एका ओळीत 'फेस' होतं आणि 'नॉट' होतं. तेवढं कुणालाही कळतं. मी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली. आणि त्याच संध्याकाळी घोटलेल्या क्रीममधलं बोटभर तोंडाला लावलं.

आठ दिवसांत फोड बसले. पंधरा दिवसांत गाल काचेसारखे. रंगसुद्धा उजळला. शेठनी मला स्वतः बाहेर बोलावलं, ट्यूबलाइटखाली उभं केलं. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हिचं तोंड बघा. आमचीच डबी लावते." मी हसायचे. एका दिवसात पाच-सहा डब्या माझ्या तोंडावर खपायच्या. त्या सोसायटीतल्या बाईसुद्धा येऊन घेऊन गेल्या. माझ्या हातून घेतली त्यांनी. मला त्याचं इतकं बरं वाटलं की आता लिहितानाही लाज वाटते.

शालू माझ्या दोन दारं पलीकडे राहायची. लहानपणापासूनची मैत्रीण. तिलाही फोड होते, माझ्याएवढे नाहीत. तिला बघायला येणार होते.

"तू काय लावतेस गं? एवढी झकास दिसायला लागलीस."

मी डबी आणून दिली. फुकट. मैत्रीण म्हणून.

पाहुणे आले, मुलगी पसंत पडली. चेहरा साफ झाला म्हणून शालूनं डबी बंद केली. दहा दिवसांत तिचं तोंड लालबुंद झालं. सुजलं. पूर्वी नव्हते तिथेही फोड. ऊन लागलं की जळायचं. साखरपुड्याच्या दिवशी मुलाकडच्या बायका आत आल्या, शालूला बघितलं, एकमेकींना खुणा केल्या. चहा तसाच ठेवून उठल्या. "मुलगी आजारी आहे, तुम्ही लपवलंत," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी शालू आणि तिची आई डबी घेऊन दुकानात आल्या. शालूनं ओढणीनं अर्धं तोंड झाकलं होतं. काउंटरवर मी. मागून शेठ हळूच म्हणाले, "सांग तिला, पाण्यानं झालंय. नाहीतर तू पण जा तिच्याबरोबर."

मी शालूकडे बघितलं नाही. डबीकडे बघत म्हणाले,

"तुमच्याकडचं पाणी घाण आहे. त्यानं झालंय."

तुमच्याकडचं. मी असं म्हणाले.

शालूनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझा पण तोच नळ ना गं?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. माझा चेहरा तिच्यासमोर चकचकीत, तिचा असा. तिला समजून घ्यायचं होतं. तिच्या आईनं तिला दंडाला धरून नेलं.

त्या दिवसापासून मी डबी लावली नाही. ठरवून असं नाही. बोट डबीत जाईना, इतकंच.

पुढच्या आठवड्यात एक मुलगी आली, शाळेच्या गणवेशात. शेठ सवयीनं म्हणाले, "दाखव तिला तोंड." माझे गाल एव्हाना तापायला लागले होते. मी पर्समधून कागद काढला आणि काउंटरवर सपाट केला. जेवढं समजत होतं तेवढं मराठीत मोठ्यानं वाचलं. चेहऱ्याला लावू नका असं लिहिलंय. या डबीत हेच आहे, मी स्वतः भरते. शेठनी कागद ओढला, अर्धा फाटला. अर्धा माझ्याकडे राहिला. मुलगी घाबरून निघून गेली. शेठ म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी चपला घातल्या.

माझंही तोंड उठलं. शालूसारखंच. ते बघून तीच माझ्या दारात आली, आणि आम्ही दोघी मिळून पालिकेच्या दवाखान्यात गेलो. डबीत काय घोटलेलं असतं ते ऐकून तिथल्या डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "ती ट्यूब इसबाला देतात, थोडे दिवस. तोंडाला नाही. लावली की चेहरा साफ दिसतो, सोडली की असा उठतो. फोड घाणीनं येत नाहीत गं. या वयात येतातच." मग सांगितलं: सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्यानं, सौम्य साबणानं, न घासता. आपला पंचा वेगळा. डोक्याचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही. लिहून दिलेलं मलम पातळ. फोडायचं नाही. तीन महिने धीर. एवढंच. त्याला दोन तांबे पाणी पुरत होतं.

माझं बरं झालं. शालूचं पूर्ण झालं नाही. गालावर लाल शिरा राहिल्या, उन्हात अजून तापतात. तिनं लग्न केलं नाही. भावाकडे राहते. त्या दिवशी बाहेर पडताना दवाखान्याच्या पायरीवर तिनं माझा हात धरला होता. "तुला तरी काय माहीत होतं," म्हणाली.

मी 'नव्हतं' अशी मान हलवली.

ती मान इतकी वर्षं हलतेच आहे. दुकानातली गोष्ट मी लोकांना सांगते, कागद फडकावल्याचं सांगते. लोक म्हणतात, धीट होतीस. पण तो कागद पर्समध्ये कधी गेला, ते कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात शालूनं भाचीला माझ्याकडे पाठवलं. पंधरा वर्षांची. हनुवटीवर फोड. "आत्या म्हणाली, मावशीला विचार, तिला त्यातलं कळतं. तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेव." मी तिला दोन तांबे पाण्याचं सगळं सांगितलं. ती गेली. त्या दिवसापासून आरशासमोर उभं राहता येत नाही.

फाटलेला अर्धा कागद अजून आहे. ज्यात 'फेस' आहे तोच अर्धा.

उद्या रविवार. शालू घरी असते. भाची पण असेल, असू दे. तिच्यासमोरच सांगणार. कागद पुढ्यात ठेवून सांगणार की तुला डबी दिली तेव्हा हा माझ्या पर्समध्ये होता. माहीत होतं मला. आणि नळ तोच होता, शालू. पाण्यात काही नव्हतं. माफी मागणार नाही, मागितली तर ती देऊन टाकेल. तिनं दार लावून घेतलं तर बाहेर व्हरांड्यात उभी राहून सांगणार. शेजारच्यांनी ऐकलं तर ऐकू दे.