मामाने दिलेला पाठीचा तुकडा

आमच्या मामाचं मांसाचं दुकान होतं आणि डुकराचं मांस शिजवणं ही आपल्याच बापाची जहागीर आहे, अशी त्याची ठाम समजूत होती. कित्येक वर्षं दर रविवारी आम्ही सगळे त्याच्याकडे जेवायला जायचो. तो ओव्हनमध्ये भला मोठा तुकडा भाजायचा, स्वतः कापायचा आणि पहिला काप आजीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या ताटात ठेवायचा. आजी "छान झालंय रे" म्हणेपर्यंत स्वतः घास घ्यायचा नाही. आजीच्या ताटाशी पाण्याचे दोन पेले भरून ठेवायची पद्धत होती. वयाने घसा कोरडा पडत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग आईने स्लो कुकर आणला. सकाळी मांस, कांदा, मीठ, मिरी टाकून झाकण लावायचं आणि आठ तासांनी उघडायचं. आमचे बाबा गणिताचे मास्तर. त्यांना चहा धड जमत नव्हता, पण हे घड्याळ लावायचं काम जमलं. आजीने एकदा आमच्याकडे ते खाल्लं आणि चक्क पुन्हा मागितलं.

"जावईबापू, अजून थोडं वाढा."

झालं. रविवारची पंगत आमच्याकडे आली आणि मामाच्या पोटात दुखायला लागलं. यायचा, खायचा आणि नाक मुरडायचा. "बटण दाबायला काय अक्कल लागते?" असं आईला ऐकवायचा. "उद्या त्या भांड्यालाच जावई करून घ्या." आजी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागली की तो खिडकीबाहेर बघत बसायचा. मला तेव्हा त्याचा राग यायचा. चार घास त्याच्या आईने दुसऱ्याकडे मागितले तर एवढं काय जळायचं?

बाबा मांस अर्थात मामाच्याच दुकानातून आणायचे, नेहमी खांद्याचं. चरबी आणि शिरांनी भरलेलं, स्वस्तातलं. आठ तासांत त्याचं लोणी होतं, हे मामाला पक्कं ठाऊक होतं. आजीच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी तो स्वतःहून घरी आला, हातात कागदात बांधलेला पाठीचा तुकडा. दुकानातला सगळ्यात महाग, गुळगुळीत, चरबीचा टिपूस नाही.

"भाऊजी, दरवेळी खांदाच काय नेता? आईसाठी हा घ्या. माझ्याकडून."

आईचे डोळे भरून आले. बाबांनी तर आनंदाने कुकर पुन्हा एकदा घासून ठेवला. बिनचरबीचं मांस आठ तास शिजलं की सुकून वातड होणार, हे घरात एकट्या मामाला माहीत होतं. हे सगळं त्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, सुरीला धार लावता लावता, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी झाकण उघडलं, काटा टोचला आणि त्यांचा चेहरा पडला. "वेळ तर तीच लावली होती," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

"होतं असं कधी कधी," मामा म्हणाला. तो इतका खुशीत होता की पहिला काप त्यानेच उचलून आजीच्या ताटात ठेवला.

आजीने घास तोंडात घातला. तिचे पाचच दात उरले होते. घास या गालातून त्या गालात गेला, परत आला. तिने पेला उचलला, घोट घेतला, पुन्हा चावलं, पुन्हा घोट घेतला. पेला रिकामा झाला तेव्हा कुठे तो घास खाली उतरला. मग ती मामाकडे बघून हसली. इतक्या मायेने ती बाबांकडे बघून कधीच हसली नव्हती.

"छान झालंय रे," ती म्हणाली. "आज तू केलंस ना? मी लगेच ओळखलं."

आजीने दुसरा घास उचलला. मामा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि तिच्यासाठी पाण्याचा दुसरा पेला भरून घेऊन आला.