भामाबाईंचं आवतान

माझ्या सासूबाई, भामाबाई, देवांशी शेजाऱ्यांशी बोलावं तशा बोलतात. गावदेवीला त्या सरळ विचारतात, "काय गो, बरी हाय ना?" आणि उत्तर मिळाल्यासारखी मान डोलावून पुढे जातात. मी साताऱ्याकडची, कोरेगावची. आमच्याकडे देवासमोर हात जोडून गप्प उभं राहायची पद्धत. निकेशशी लग्न करून पनवेलजवळच्या करंजाड्याला आले तेव्हा या बाईचं आपल्याला काही झेपणार नाही, असं मला वाटलं होतं. अजूनही अधूनमधून वाटतं.

त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो धवलारणीने गायल्याशिवाय विधी झाला असं जुनी माणसं मानत नाहीत. पहिला धवला आवतानाचा, म्हणजे देवांना लग्नाचं बोलावणं. घरचा देव, गावदेवी, खाडी, दर्या, मग डोंगर, अशी एकेकाला नावाने हाक. माझ्या हळदीला मी पाटावर अवघडून बसले होते, पाय बधिर झाले होते, आणि या बाईचे पाहुणे काही संपत नव्हते. सगळ्यात शेवटी माथेरानचा पिसारनाथ. त्याला डोंगर उतरून यायचं असतं म्हणून तो शेवटी, असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं होतं. मग त्याला आधी नको का बोलवायला, हा प्रश्न मी गिळला. नवी सून होते.

धवला एकटीने होत नाही. एक सांगते, दुसरी तीच ओळ उचलते, तेवढ्यात पहिली श्वास घेते. भामाबाईंची ओळ कायम कमळाबाईंनी उचलली. दोघी मिठागरावर बरोबरीने काम करायच्या तेव्हापासूनची जोडी. एकमेकींशी भांडायच्या कडाकडा, पण मांडवात बसल्या की दोन गळे आहेत हे ऐकून कळायचं नाही. गेल्या दिवाळीत कमळाबाई गेल्या. भामाबाई रडल्या, बाराव्या-तेराव्याला रीतसर जाऊन आल्या, आणि त्यानंतर गायल्या नाहीत. लग्नाचं सांगायला कुणी आलं की कधी गुडघा पुढे करायच्या, कधी घसा. आम्हीही विश्वास ठेवला. वय झालंय, म्हटलं.

मग रंजिताचं ठरलं. रंजिता म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी, भामाबाईंची लाडकी नात. तिलाही त्या नाही म्हणाल्या.

"मोबाईलवर लाव," म्हणाल्या. "सगळे धवले हायत त्याच्यात. आवाज पन मोठा येतो."

रंजिता भडकली. "आजी, तू नसशील तर मी मांडवच घालणार नाही. कोर्टात जाऊन सही करून येईन."

"कर. खर्च वाचंल."

आजी आणि नात दोघी एकाच मातीच्या, त्यामुळे आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. आणि एके सकाळी चहा पिता पिता भामाबाई मला म्हणाल्या, "मना माथेरानला न्या."

माथेरानचा डोंगर आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना समोर दिसतो. इतकी वर्षं दिसतो, पण या कधी गेल्या नव्हत्या. मी खूश झाले. म्हटलं, चला, बाईंना फिरायची इच्छा झाली.

"फिरायला नाय," त्या म्हणाल्या. "पिसारनाथाला सांगून येते. आता माझ्याकडून आवतान येनार नाय. बाकीचे देव जवळचे, त्यांना कळलं असंल. त्याला तिथं वर कोन सांगनार? उगाच वाट बघत बसंल."

एका देवाची गैरसोय होऊ नये म्हणून ही बाई राजीनामा घेऊन डोंगरावर निघाली होती. मला रागही आला आणि वाईटही वाटलं. मी रंजिताला फोन केला. ती म्हणाली, "मामी, जाऊ या. देवासमोर उभी राहून खरंच नाही म्हणते का, बघू या तरी."

निकेशने नेरळवरून गाडी वर नेली आणि दस्तुरीला थांबवली. तिथून पुढे गाडी जात नाही. "तुम्ही या जाऊन, मी इथेच बसतो," असं म्हणून तो घोडेवाल्यांच्या घोळक्यात चहा प्यायला बसला. बायकांच्या भानगडीतून बाजूला कसं सरकावं, हे माझ्या नवऱ्याकडून शिकावं. आम्ही तिघी ई-रिक्षाने बाजारापर्यंत गेलो. तिथून देऊळ बरंच लांब. घोडा करू या म्हटलं तर भामाबाई म्हणाल्या, "घोड्यावर नवरा बसतो. मी काय नवरा हाय?"

आणि चालायला लागल्या. तांबड्या मातीच्या रस्त्याने, झाडांच्या सावलीतून, पदर खोचून, आमच्या पुढे. मी धापा टाकत मागे. रंजिताने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. गुडघ्याचं जे काय होतं ते दोघींनाही एकदमच कळलं.

देऊळ तलावाशेजारी, गर्द झाडीत. भामाबाईंनी पायऱ्यांपाशी चपला काढल्या, आत गेल्या आणि बसल्या. आम्ही दोघी बाहेर, परीक्षेच्या हॉलबाहेर आईबाप उभे असतात तशा. बराच वेळ गेला. त्या बाहेर आल्या, चपला घातल्या आणि चालायला लागल्या.

"सांगितलं?" रंजिताने विचारलं.

"मानसं व्हती ना. घरातली गोष्ट चारचौघांत कशी सांगायची?"

देवळात एक नवं जोडपं होतं आणि एक झोपलेला कुत्रा. मी ओठ दाबून हसू आवरलं.

"आता आलोच आहोत तर पॉइंट बघू," रंजिता म्हणाली, आणि आम्ही लुईझा पॉइंटला गेलो. समोर प्रबळगड, पलीकडे धुरकट सपाटी. लोक सेल्फी काढत होते. भामाबाई कठड्याला धरून पनवेलची बाजू शोधत राहिल्या. तिकडे नव्या विमानतळावर एक विमान खाली उतरत होतं.

"आमचं मिठागर तिथंच कुठं तरी व्हतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता डोळे भरून येतील. मी पर्समध्ये रुमाल चाचपला.

"उन्हात पाय भाजायचे गो. बरं झालं, सुटलो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय मानसं हायत! खाली घर बांधायचं आनि वर येऊन तेच बघायचं."

तिथल्या टपरीवर त्यांनी मक्याचं कणीस खाल्लं, रंजिताच्या हातातलं माकडाने पळवलं म्हणून माकडाला आगरीत शिव्या घातल्या, आणि एकूण त्या मजेत होत्या. मला मात्र मजा येईना. संध्याकाळी देवळातली माणसं पांगली की त्या तिथे परत जाणार, जे सांगायचं ते सांगणार, आणि मग रंजिताच्या मांडवात मोबाईल वाजणार, हे डोक्यातून जात नव्हतं.

परतीच्या वाटेवर एको पॉइंट लागला. तिथे भलता गोंधळ होता. कुणी बायकोचं नाव घेऊन ओरडत होतं, एक गृहस्थ आपल्या साहेबाला मनसोक्त हाका मारत होते, आणि समोरचा कडा सगळ्यांना उत्तर देत होता.

"कोन पन हाक मारतो आनि हा सगळ्यांना ओ देतो?" भामाबाईंनी विचारलं.

"तू मार ना आजी," रंजिता म्हणाली.

"मी काय हाक मारू? मना कुठं काय पायजे?"

पण पाय हलेनात. त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला, कड्याकडे तोंड केलं, आणि ओरडल्या नाहीत. गायल्या.

"डोंगरीच्या देवा, मांडव घातला दारी..."

घशाला काही झालेलं नव्हतं. आवाज तसाच, रुंद, थोडा खरखरीत, जमिनीतून वर आल्यासारखा. साहेबाला हाका मारणारे गृहस्थ गप्प झाले. कड्यावरून "दारी" एवढंच परत आलं.

त्या थांबल्या. पुढची ओळ म्हणाल्या, "हळद लागली पोरीला, यावं बिगीबिगी." कड्याने "बिगी" म्हटलं.

भामाबाईंचा चेहरा उतरला. त्या बाजूच्या दगडावर बसल्या.

"शेपूट तेवढं धरतो," म्हणाल्या. "कमळी आख्खी ओळ घ्यायची. मी थांबली का तिची यायचीच. आता थांबते ना, तर निसतं रिकामं. मना नाय सहन होत ते रिकामं."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी हे तोंडातून काढलं होतं. रंजिता त्यांच्या पायाशी बसून रडायला लागली. मला कुणाचा राग आला ते नीट सांगता येणार नाही. गेलेल्या कमळाबाईंचा आला, त्या कड्याचा आला, आणि त्याच घरात राहून ते रिकामपण दिसलं नाही म्हणून माझा स्वतःचा तर फारच आला. राग आला की मी विचार करत नाही, हा माझा जुना स्वभाव. मी तोंड उघडलं आणि आख्खी ओळ म्हणून टाकली.

"डोंगरीच्या देवा, मांडव घातला दारी!"

आरतीलाही निकेश मला हळूच, नुसत्या टाळ्या वाजव, असं सांगतो. त्यात माझी बोली साताऱ्याची. जे बाहेर पडलं त्याला गाणं म्हणणं कठीण होतं. कड्याने तेही इमानदारीने परत केलं. रंजिता रडता रडता हसायला लागली.

भामाबाईंनी माझ्याकडे वर पाहिलं. "हे काय व्हतं?"

"ओळ," मी म्हटलं.

"ही ओळ? मांडव पडला असता."

मी मान खाली घातली. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"परत घे. आनि 'दारी'वर खाली उतरू नको. तिथनं मना वर चढायचं असतं."

त्या गायल्या, मी उचलली. चुकले. पुन्हा गायल्या, पुन्हा चुकले. तिसऱ्या खेपेला माझ्या ओळीच्या शेवटावर त्यांनी पुढची ओळ अशी ठेवली की मध्ये फट राहिलीच नाही. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण भामाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठे? बाजार तर इकडे आहे."

"देवाकडं."

निकेशचा फोन आला, किती उशीर, म्हणून. मी त्याला आणखी एक चहा घ्यायला सांगितलं.

देवळात आता कुणी नव्हतं. भामाबाई देवासमोर बसल्या आणि कमरेची पिशवी सोडली. आत सुपारी होती आणि हळदीने पिवळ्या केलेल्या अक्षता. मी बघतच राहिले. राजीनामा द्यायला निघालेली बाई घरून निघतानाच अक्षता बांधून आली होती! ती पिशवी घेऊनच त्या सकाळी इथे बसल्या होत्या, आणि तशाच उठल्या होत्या.

त्यांनी अक्षता वाहिल्या, सुपारी ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या रंजिताचं लगीन हाय. तुला यायचं हाय. सकाळी आली व्हती ते विसरून जा."

मग मागे हात करून मला दंडाला धरलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

"कमळी आता नाय, तुला ठावं असंल. ही माझी सून, प्रांजल. घाटावरची हाय. हिचं बोलनं तुला कळनार नाय, आनि सूर तर मनाच कळत नाय. पन माझ्या मागं तुला हाक हीच मारंल. हिचा आवाज वळखून ठेव."

मला समोरचं काही दिसेना. त्यांनी कोपराने ढोसलं.

"गप काय बसली? बोल काय तरी. आवाज कळला पायजे ना त्याला."

आणि मी, नाक पुसत, पिसारनाथाला लग्नाला या म्हणून सांगितलं.