भिंतीतून गेलेली तार

नुकत्याच छापलेल्या कागदाचा वास आला की फुलचूरचं घर आठवतं. धाकट्या भावाने नवा संगणक घेतला आणि घरातले सगळे त्याच्याच खोलीत बसू लागले. प्रिंटर मात्र माझ्या जुन्या संगणकाला होता. भिंतीला भोक पाडून आम्ही दोन्ही संगणक तारेने जोडले. माझा चालू असला तरच त्याचं छापून निघे. "दादा, प्रिंट काऊन नाही येऊन राहिली? तुझा डब्बा चालू कर ना!" तो पलीकडून ओरडायचा. डब्बा शब्द झोंबायचा, तरी मी त्या हाकेची वाट पाहायचो. दिवाळीत त्याने नवा प्रिंटर आणला. "आता तू माझ्यावरून काढत जा," तो आनंदाने म्हणाला. मी कागद बाजारातून छापून आणू लागलो. तार अजून भिंतीत आहे. माझ्याकडचं टोक मी तेव्हाच काढलं, ते मोकळंच आहे.