वरते पाहा, हात हालवा

प्रसेनजितला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नात, नवरदेवाच्या काकाशी वाद घालताना. काकांना ड्रोन वरातीच्या थेट डोक्यावरूनच फिरायला हवा होता. "तुले काय फुकट बोलावलं का बे?" असं ते चारचौघांत ओरडत होते. प्रसेनजित शांतपणे म्हणाला, "काका, पातं तुटून खाली आलं त नवरदेवाचा फेटा नाही, डोस्कं जाईन. मी बाजूनंच उडवीन." काका फुगून बसले. मला मात्र हा पोरगा तिथंच आवडला. आपल्याकडं पाहुण्यांसमोर नाही म्हणायची हिंमत किती जणांत असते?

वडनेर भोलजीला त्याचं फोटोचं दुकान. ड्रोन नोंदवलेला, उडवायचा परवाना रीतसर काढलेला. कुठंही उडवायचं तर आधी पोलीस ठाण्यात सांगून यायचा. एकेक पातं नखानं चाचपायचा. काठीला चिंधी बांधून वारा बघायचा, आणि चिंधी आडवी फडफडायला लागली की मशीन परत पेटीत, मग यजमान कितीही लालपिवळा होवो. आम्ही त्याला चिडवायचो, "प्रसेन, तू ड्रोनवाला आहेस की ड्रोनचा हवालदार?"

आता डोक्यावर उडवायचं नाही, तर लग्नात माणसं दिसणार कशी? त्यावर त्यानं आपली एक रीत बसवली होती. शेजारच्या मोकळ्या वावरावर ड्रोन थांबवायचा आणि माईकवर ओरडायचं, "सगळे इकडं सरका! वरते पाहा, हात हालवा!" की अख्खं वऱ्हाड हातातलं टाकून ड्रोनच्या दिशेनं निघायचं. लग्न असो की भीमजयंतीची मिरवणूक, वडनेरच्या लोकांना ही सवयच जडली. पुढं पुढं माईकचीही गरज उरली नाही. घरघर कानावर आली की म्हातारेकोतारेसुद्धा तिकडं सरकायचे, मान वर आणि हात वर. सगळ्यांच्या पुढं त्याची आई, जनकाबाई. ती शाळेत खिचडी शिजवते. नवरा गेल्यावर दोन्ही लेकरं तिनं एकटीनं वाढवली. तिला बोलावणं असो नसो, प्रसेनजितच्या प्रत्येक व्हिडिओत ती आहेच.

धम्मशीला ही प्रसेनजितची धाकटी बहीण. बुलढाण्याला कॉलेजात शिकायची आणि आमच्या सायकल मंडळात होती. मी त्या मंडळाचा चिटणीस, म्हणजे पंक्चर काढण्यापासून चहा सांगण्यापर्यंत सगळं मीच. राजूरचा घाट ती अशी चढायची की आमचे पैलवान गडी मागं धापा टाकत राहायचे. उतारावर तर तिला तोडच नव्हती. राज्याच्या संघात जायचं हे तिचं एकच वेड होतं. निवड करणाऱ्यांनी सांगितलं होतं की जानेवारीतल्या शर्यतीचा निकाल पाठवा आणि मुलगी उतारावर सायकल कशी सांभाळते त्याचं चित्रण पाठवा. चित्रण कोण करणार, हा प्रश्नच नव्हता.

शर्यतीच्या दिवशी प्रसेनजितनं जागा निवडली ती घाटाच्या पायथ्याची. वळण संपून रस्ता सरळ होतो तिथं डावीकडं बघ्यांना उभं केलं आणि उजवीकडच्या रिकाम्या वावरावर ड्रोन ठेवला. रस्त्यावरही नाही, माणसांवरही नाही. मला त्यानं आपल्या बाजूला उभं केलं. "दादा, माही नजर पडद्यावर राहीन. तुमी ड्रोनवरची नजर काढू नका." एवढी काळजी मी तरी कुणाला घेताना पाहिलेली नाही.

वडनेरहून टेम्पो भरून माणसं आली होती. जनकाबाई नव्या जांभळ्या साडीत सगळ्यांच्या पुढं. दोरी बांधली होती, शिट्टी घेऊन आमचा स्वयंसेवक उभा होता. "आली, आली," अशी ओरड झाली. ड्रोन वावरावरून धम्मशीलाच्या बरोबरीनं सरकायला लागला, आणि घरघर डावीकडच्या लोकांच्या कानावर गेली.

मी आभाळाकडं बघत होतो, त्यामुळं मला फक्त आवाज ऐकू आला. पडद्यावर प्रसेनजितनं सगळं पाहिलं. घरघर ऐकून त्याची माय दोरीखालून वाकून रस्त्यावर आली. लग्नात येते तशीच, ड्रोनच्या दिशेनं, मान वर करून, हात हलवत. समोरून लेक उतारावरून सुसाट येत होती आणि माय वर बघत होती. मायला चुकवायला धम्मशीलानं सायकल कचकन बाजूला वळवली. मायच्या पदरालाही धक्का लागला नाही. ती स्वतः मैलाच्या दगडावर जाऊन आदळली.

प्रसेनजित लगेच धावला नाही. माणसं रस्ता ओलांडून वावरात सैरावैरा पळत होती, ड्रोन आता त्यांच्याच डोक्यावर होता. त्यानं तो बाजूला काढला, रिकाम्या जागी उतरवला, पाती थांबली तसा रिमोट माझ्या हातात कोंबून पळत सुटला. नंतर गावात काही शहाण्यांनी बोलून दाखवलं, बहीण रस्त्यात तडफडत होती आणि हा मशीन सांभाळत बसला. त्या जिभांना काही हाड? त्या क्षणी तो ड्रोन सोडून पळाला असता तर आणखी कुणाची तरी डोकी फुटली असती, हे मी कितीजणांना ओरडून सांगितलं. कुणाला ऐकायचंच नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा जनकाबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. "काय झालं वो माय? काऊन पडली तू?" तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं वरच पाहिलं होतं. धम्मशीलानं भावाकडं बघितलं आणि ओठ चावत म्हणाली, "कुत्रं आडवं आलं, माय."

तेव्हापासून ते कुत्रंच आडवं आलेलं आहे.

अकोल्याला शस्त्रक्रिया झाली. गुडघ्याची वाटी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, चालेल, थोडं लंगडेल, पण शर्यत विसरा. हे दोघा भावंडांनी ऐकलं आणि मी ऐकलं. मायला नंतर सांगू, असं ठरलं. ते नंतर अजून आलेलं नाही. मी अंगणवाडीतल्या पोरासारखा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही. एवढं नेमकं, एवढं सांभाळून वागणाऱ्या माणसाच्या घरी हे का व्हावं?

परवा दुपारी वडनेरला गेलो. धम्मशीला बाजेवर, पायाखाली उशी. जनकाबाईनं चहा ठेवला आणि लेकाच्या मागं लागली, "ते शर्यतीचं दाखव ना रे. किती दिवसाचं म्हणून राह्यली मी." प्रसेनजितनं मोबाईल तिच्या हातात दिला. त्यानं चित्रण कापून ठेवलं होतं. वळणातून धम्मशीला येते, अंग सायकलीला चिकटलेलं, एकदाही न डगमगता उतार कापते, आणि तिथंच संपतं.

जनकाबाईनं ते पुन्हा पुन्हा पाहिलं. पदरानं डोळे पुसले. "कशी येते वो माही लेक, वाऱ्यावाणी!" मग तिनं पडद्यावर बोट फिरवलं. "पण मी कोठी हाय याच्यात? मी त हात हालवला होता."

प्रसेनजित चुलीकडं बघत म्हणाला, "तू नाही आली, माय. मशीन पुढं निंघून गेली होती."

म्हातारीचा चेहरा उतरला. नवी साडी नेसून ती दिवसभर उन्हात उभी होती. तिनं मोबाईल बाजूला ठेवला, बाजेवर बसली आणि लेकीच्या प्लास्टरवरून हात फिरवायला लागली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुह्या पुढच्या शर्यतीले मी अजून पुढं येऊन उभी राहीन. मंग त येईन ना मी?"

"हाव माय," धम्मशीला म्हणाली.