झाड म्हटलं की झाड

आमच्या कॉलनीतल्या बास्केटबॉलच्या कोर्टाला एकच रिंग होती आणि एक उंबर होता. झाड तसं कोर्टाच्या बाहेर, बागेच्या कुंपणाला लागून. पण मुळं काही कुंपण मानत नाहीत. रिंगकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या कोपऱ्यात एक जाडजूड मूळ काँक्रीट फोडून आडवं वर आलेलं दिसायचं, आणि त्याच्या आजूबाजूला पिकून पडलेल्या उंबरांचा चिकचिकाट. झाड तोडा असं कुणी म्हटलं की दुसरं कुणीतरी लगेच विचारायचं, उंबराला हात कोण लावणार? मग दोघंही आपापल्या घरी चहाला जायचे. शेवटी खांदा कॉलनीतल्या आम्हा पोरांनी झाडासकटच खेळायचं ठरवलं.

त्यातून एक नियम तयार झाला. पाय मुळाला अडखळला किंवा बॉल खोडावर आपटला, की "झाड!" असं ओरडायचं. ओरडलं की सगळे जागच्या जागी थांबणार. बॉल ज्याच्या हातात गेला असेल त्याने तो जमिनीवर एक टप्पा देऊन अडखळलेल्याकडे परत द्यायचा. टप्पा पडला की खेळ पुन्हा सुरू. त्यावर वाद नाही, झाड म्हटलं की झाड. बाकी प्रत्येक गोष्टीवरून आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्या आहेत, पण खोटं झाड कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी आणि समोरच्या बिल्डिंगमधली माझी मैत्रीण, आम्ही दोघी शाळेत असल्यापासून त्या कोर्टावर खेळलो. तिचे बाबा बंदरात नोकरीला, आई मोऱ्याच्या कोळीवाड्यातली. घरात मासे तळले की त्यातला एक डबा आमच्याकडे यायचा, इतकं जाणं-येणं. आणि ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची. हे मी आत्ता सरळ लिहिते आहे, पण तेव्हा कुणी असं म्हटलं तर मी दिवसभर त्याच्याशी बोलायचे नाही. माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. ते म्हणतात म्हणून मला आणखी राग येतो.

बारावीनंतर आमची विद्यापीठं वेगळी झाली. माझं पळस्प्याच्या बाजूला, तिचं खाडीच्या पलीकडे. या दोन विद्यापीठांचं बास्केटबॉलमधलं वैर जुनं आहे आणि ते कशावरून सुरू झालं हे दोन्हीकडे कुणाला धड सांगता येत नाही. मॅच असली की आमची मुलं ताशा घेऊन जायची आणि त्यांची मुलं आमच्या बसभोवती उभी राहून हुर्यो करायची. हे सगळं मला खोटं वाटायचं. मला त्यांच्या विद्यापीठाशी काही घेणंदेणं नव्हतं. मला फक्त तिला हरवायचं होतं, आणि तेही एकदाच.

कॉलनीच्या कोर्टावर मी तिला हरवलं नव्हतं असं नाही. पण ते झाडाखालचं जिंकणं. युनिफॉर्म घालून, शिट्टी वाजल्यावर, समोर माणसं बसलेली असताना मी तिच्याविरुद्ध कायम हरले होते. आता शेवटचं वर्ष होतं. मार्चनंतर परीक्षा, मग नोकरी, मग कोण कुणाशी खेळतंय? त्या हिवाळ्यात जिंकले नसते तर कधीच जिंकले नसते.

डिसेंबरात स्पर्धा सुरू झाल्या. पहिल्याच सामन्यात त्यांनी आम्हाला त्यांच्या कोर्टावर झोपवलं. मी घरी येऊन पांघरूण घेऊन पडले. तासाभराने बेल वाजली. दारात तिची आई, हातात तळलेल्या मांदेल्यांचा डबा.

"उठ गो. हरलीस म्हणून पोट भरायचं नाय काय? आमी दर्यावरून रिकामं आलो तरी जेवतोच."

मी उठले आणि खाल्लं. मागून ती आली, माझ्या ताटातली दोन मांदेली उचलली आणि म्हणाली, "उद्या सकाळी येतेस ना?" म्हणजे कोर्टावर. आणि मी गेले. आमच्या टीमच्या कोच सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की स्पर्धा संपेपर्यंत तिच्याबरोबर खेळू नकोस. मी म्हटलं, सर, सकाळी मी कुणाबरोबर चहा पिते तेही लिहून देऊ का? त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

दुसऱ्यांदाही हरलो. मात्र त्या सामन्यानंतर सरांनी मला बाजूला घेतलं आणि एक गोष्ट विचारली. "तू प्रत्येक वेळी उजवीकडून का जातेस? डावीकडे कोर्ट संपतं का तुझं?"

मला हसू आलं. माझं कोर्ट खरंच तिथे संपत होतं. लहानपणापासून ज्या कोपऱ्यात मूळ आहे तिथे कोण जाणार? आणि मी उजवीकडूनच येणार हे त्या बयेला माहीत होतं. ती तिथे आधीच जाऊन उभी राहायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती फार चपळ आहे. चपळ होतीच, पण निम्मं काम तो उंबर करत होता.

मग जानेवारीभर मी विद्यापीठाच्या गुळगुळीत कोर्टावर डावीकडून जायचा सराव केला. आणि तिथे एक भलतंच निघालं. रिंगच्या डाव्या बाजूला, नेमक्या त्या जागी पोचले की माझा पाय आपोआप उचलला जायचा. मूळ ओलांडल्यासारखा. एक लहानशी उडी, आणि तेवढ्यात ताल बिघडायचा.

"काय ओलांडतेस?" सर ओरडायचे. "काय आहे तिथे?"

"झाड आहे, सर."

सगळी टीम हसायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते मला त्या महिन्यात पटलं. पण मीही हट्टी आहे. रोज सराव झाल्यावर एकटी थांबून मी तो कोपरा तुडवत राहिले, आणि जानेवारी संपता संपता पाय उचलणं थांबलं. सकाळी कॉलनीत तिच्याबरोबर खेळताना मात्र मी मुकाट उजवीकडूनच जात होते. ते मी तिला सांगितलं नाही. का सांगू?

फायनल फेब्रुवारीत झाली, वाशीकडच्या एका बंदिस्त हॉलमध्ये. ताशे, शिट्ट्या, आवाज छतावर आपटून दुप्पट होऊन खाली येत होता. मी डावीकडून गेले आणि बास्केट झाली. पुन्हा गेले, पुन्हा झाली. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की जणू मी घरातली एखादी वस्तू न विचारता बाहेर नेली आहे. मला फार आनंद झाला. मग ती पेटली आणि तिने एकटीने त्यांचा सगळा स्कोअर भरून काढला. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही एका पॉइंटने मागे होतो आणि बॉल माझ्या हातात होता.

समोर ती. मी उजवीकडे झुकल्याचं दाखवलं आणि डावीकडून घुसले. रिंग समोर होती. आणि महिनाभर घासून काढलेली ती सवय नेमकी तेव्हा परत आली. पाय उचलला गेला, तोल गेला, बॉल हातातून सुटला. तो तिने घेतला. आणि मी ओरडले, "झाड!"

मी ते मुद्दाम ओरडले असं त्यांच्या कोचचं आजही म्हणणं आहे. म्हणू देत. ज्याला ठेच लागल्यावर "आई गं" म्हणायला आधी ठरवावं लागत असेल, त्याने माझ्याशी बोलायला यावं.

तिला काही करायची गरजच नव्हती. बॉलला टप्पे देत नुसती पळत राहिली असती तरी वेळ संपली असती आणि ते जिंकले असते. पण ती थांबली. आमच्या कॉलनीत थांबतात तशी, बॉल कमरेला लावून, एक पाय सैल सोडून. मग तिने एक टप्पा देऊन बॉल माझ्याकडे दिला. तो टप्पा पडल्याचा आवाज मला त्या सगळ्या गोंगाटात वेगळा ऐकू आला. टप्पा पडला की खेळ सुरू. माझे हात रिंगकडे गेले, बॉल आत पडला आणि बझर वाजला.

आमच्या मुली माझ्या अंगावर येऊन पडल्या. त्या ढिगाखालून मला ती दिसली. तिच्या टीमच्या मुली तिच्याभोवती उभ्या होत्या आणि कुणीही तिला हात लावत नव्हतं. तिच्या कोचने तिला सगळ्यांसमोर विचारलं की तू कुणाच्या टीममध्ये आहेस. ती वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

त्या संध्याकाळीही बेल वाजली. तिची आई, हातात डबा. या वेळी ती आत आली नाही.

"जिंकलीस ना? मग खा. ती नाय जेवली."

मी डबा घेतला. तो तसाच ओट्यावर राहिला आणि सकाळी आईने गरम करून वाढला. मेडल मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. ती कोर्टावर यायची थांबली. मी दोनदा खालून हाक मारली, दोन्ही वेळा तिचे बाबा गॅलरीत येऊन म्हणाले की ती झोपली आहे. पुढे मीही हाक मारली नाही. मला तिची आठवण येत होती, आणि तिचा रागही येत होता.

राग कशाचा ते सांगते. ती सवयीने थांबली असेल, तर मी तिच्या चुकीवर जिंकले. ती समजून उमजून थांबली असेल, तर मला तिने भीक घातली. कुठलंही खरं धरलं तरी मी तिला हरवलेलं नव्हतं. माझा हक्काचा शेवटचा सामना तिने असा करून ठेवला की तो धड माझाही नाही आणि तिचाही नाही. परीक्षेचा अभ्यास करताना पुस्तक उघडं ठेवून मी हीच गोष्ट मनात घोळवत बसायचे. तिला विचारावं तर कोणत्या तोंडाने?

एप्रिलमध्ये उंबर गेला. खोड आतून पोखरलेलं निघालं म्हणे. माणसं आली, त्यांनी आधी फांद्या उतरवल्या, मग बुंधा, मग मुळं उकरून काढली आणि कोपऱ्यात नवीन सिमेंट ओतलं. बिल्डिंगमधल्या एक काकू खाली जाऊन हळदकुंकू वाहून आल्या. मला रडू आलं आणि मी ते कुणाला दाखवलं नाही. झाडासाठी एवढं रडतात का, असं कुणी विचारलं असतं तर मी चिडले असते.

मे महिन्यात एका सकाळी बॉलचा आवाज ऐकून मी खिडकीत आले. ती एकटी खेळत होती. मी चपला बदलून खाली उतरले. ती म्हणाली, "पुण्यात नोकरी लागली. रविवारी चालले." मी म्हटलं, "बरं." तिने बॉल माझ्याकडे फेकला. आम्ही खेळायला लागलो, आणि दोघींनी फायनलचं नावही काढलं नाही.

कोपरा मोकळा होता. नवं सिमेंट बाकीच्या कोर्टापेक्षा जरा उजळ दिसत होतं. तरी आम्ही दोघी उजवीकडूनच जात होतो. खेळ अटीतटीचा झाला. जी पुढची बास्केट करेल ती जिंकली, अशी वेळ आली. बॉल तिच्याकडे होता, बघायला कुणी नव्हतं, आणि जिंकणं मला आजवर कधी इतकं हवंसं वाटलं असेल असं वाटत नाही.

ती डावीकडून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. उजळ सिमेंटवर पोचली आणि तिचा पाय उचलला गेला, अगदी माझ्यासारखाच. तोल गेला, बॉल सुटला आणि सरळ माझ्या हातात आला. मी आणि रिंग, मध्ये कुणी नाही.

"झाड!" ती ओरडली.

मी खाली पाहिलं. सपाट सिमेंट होतं. तिनेही पाहिलं. ती हसली नाही, नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. माझ्या लक्षात आलं की मी थांबले आहे आणि बॉल माझ्या कमरेला लागलेला आहे. तो तिथे सवयीने आला की मी आणला, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येणार नाही. फायनलबद्दल तिला जे विचारायचं होतं, ते मग विचारायची गरज राहिली नाही.

मी बॉल तिच्याकडे दिला. टप्पा पडला आणि खेळ सुरू झाला.